आडाच्या पाण्याला पेट्रोलचा वास: मुरलेल्या इंधनाचा माग कसा काढावा

पंपाशेजारच्या आडाला वास येऊ लागला की लोक दोन दिशांना पळतात. कुणी बाटली भरून थेट लॅब गाठतो, कुणी बोअरच्या गाडीला फोन लावतो. पहिल्याच्या हातात एक आकडा येतो आणि त्याचं काय करायचं ते कळत नाही. दुसरा नेमकं असं भोक पाडून बसतो की वर अडकलेलं इंधन खाली उतरायला वाट मिळते. जिऑलॉजी किंवा सिव्हिल करून नुकत्याच या कामात पडलेल्या पोरापोरींसाठी, आणि पंचायतीत, कारखान्यात किंवा स्वतःच्या घरात हा प्रसंग अंगावर आलेल्यांसाठी हे लिहितोय. माझं सांगणं एकच: जमिनीला भोक पाडण्याआधी त्या भोकाकडून कुठल्या प्रश्नाचं उत्तर हवंय ते कागदावर लिहा. प्रश्न लिहिता येत नसेल तर भोकही नको.

अशा जागा आपल्याकडे, बेळगाव जिल्ह्यात, कमी नाहीत. निपाणीपासून कित्तूरपर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांना पंप आहेत, ऑटोनगरात गॅरेजं आहेत, उद्यमबागेत कारखाने आहेत. साखर कारखान्यांचे डिझेल पॉइंट आणि बसडेपो वेगळेच. आणि बहुतेकांच्या शेजारी कुणाचा तरी आड किंवा बोअर असतोच.

आधी माणसं, तपास नंतर

वास आला म्हटल्यावर ते पाणी पिणं आणि स्वयंपाकाला वापरणं बंद. उकळून उपयोग नाही. पेट्रोलमधला बेंझीन हा विषारी, उडून जाणारा घटक उकळताना हवेत जातो आणि बंद स्वयंपाकघरात तोच नाकातोंडात जातो. कढत पाण्याच्या अंघोळीचंही तेच. घरातला वॉटर प्युरिफायर यासाठी बनवलेला नसतो. त्यातली कार्बनची कांडी काही दिवस वास मारते, मग भरून जाते आणि घरच्यांना वाटतं पाणी सुधारलं.

वास उग्र असेल तर आडावरची मोटर चालू करू देऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती आडात, गटारात, बेसमेंटमध्ये साचून राहते, आणि हवेत दीड टक्क्याच्या आसपास झाली तरी एका ठिणगीनं पेट घेऊ शकते. अशा आडात कुणालाही उतरू देऊ नका, ‘जरा गाळ बघून येतो’ म्हणणाऱ्यालाही नाही. घराच्या तळघरात किंवा ड्रेनेजच्या चेंबरमध्ये वास येत असेल तर तो तपासाचा विषय राहिलेला नाही. अग्निशामक दलाला बोलवा.

तवंग खरा की खोटा

पाण्यावर सप्तरंगी तवंग दिसला म्हणून लगेच पंपवाल्याच्या दारात जाऊ नका. खानापूर, बेळगाव भागातल्या जांभ्याच्या जमिनीत लोह भरपूर. पावसाळ्यानंतर साचलेल्या पाण्यावर, आडाच्या कडेला लोहजिवाणूंचा तवंग येतो आणि तो हुबेहूब तेलासारखा चमकतो. एक काडी घ्या आणि तवंगातून फिरवा. लोहाचा असेल तर त्याचे कोनाकोनाचे तुकडे पडतात आणि तुकडे तसेच तरंगत राहतात. तेलाचा असेल तर काडीमागं पुन्हा मिटून एक होतो. लोहाच्या तवंगाखाली बहुधा तांबूस, लिबलिबीत गाळही असतो. ही चाचणी फुकट आहे आणि बरीच भांडणं वाचवते.

दुसरा संशयित बोअरमध्येच असतो. तेल भरलेल्या सबमर्सिबल मोटरचं सील गेलं की तिचं तेल पाण्यात उतरतं. त्याला पेट्रोलसारखा झणका नसतो, जडसर वास असतो. शेतात आडाच्या काठावर डिझेल इंजिन ठेवलेलं असेल तर त्याच्याखालची माती बघा. कितीतरी वर्षं तिथंच डिझेल भरताना सांडलेलं असतं. मोटर शेवटची कधी बाहेर काढली आणि कुणी काढली, हे विचारून वहीत टिपून ठेवा.

कागद आणि म्हातारी माणसं

पंप असेल तर तिथं रोज सकाळी टाकीत डिपस्टिक घालून साठा मोजतात आणि विक्रीशी ताळा लावतात. ते रजिस्टर मागा, निदान वर्षभराचं. एखाद्या दिवसाची तूट बघून उडी मारायची नाही. १०,००० लिटर पेट्रोल ५ अंशांनी थंड झालं तर ते साधारण ५० ते ६० लिटरनं आकसतं, म्हणजे थंडीच्या पहाटे तूट दिसणारच. बघायचं ते सातत्य. तूट सतत एकाच बाजूला सरकत असेल, आणि तीही एकाच टाकीची, तर पेन्सिलनं खूण करा. दर सेकंदाला एक थेंब गळणारा सांधा दिवसाला चार लिटरच्या आसपास जमिनीत सोडतो, महिन्याला सव्वाशेच्या पुढं. रोजच्या उलाढालीत चार लिटर कुणाच्या डोळ्यांत येत नाहीत. म्हणून मोठ्या गळतीपेक्षा ही बारीक गळती तपासाला जास्त अवघड.

टाकीच फुटते असं समजू नका. पाइपचे सांधे, टँकर रिकामा करायची जागा, डिस्पेन्सरच्या खालचा खड्डा ही नेहमीची ठिकाणं. पंपाच्या आवारात जुनी, वापरात नसलेली टाकी पुरलेली आहे का, हे आवर्जून विचारा. नकाशात ती नसते, पण तिथं बारा वर्षं काम केलेल्या माणसाला ठाऊक असते.

जागेचा सर्व्हे नंबर आणि हद्द ‘दिशांक’ ॲपवर मिळते, आरटीसी (सातबारासारखा) उतारा ‘भूमी’ या सरकारी पोर्टलवर. पंप व्हायच्या आधी तिथं काय होतं, हे जुन्या उपग्रहचित्रांवरून कळू शकतं. देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिशाचं पेट्रोल बंद झालं. त्याआधीपासून चालू असलेली जागा असेल तर मातीच्या चाचण्यांत शिसंही घाला. उलट गळती अलीकडची असेल तर पेट्रोलमधल्या इथेनॉलचा विचार करा. २० टक्क्यांपर्यंतचं इथेनॉल पाण्यात सहज विरघळतं आणि जिवाणू ते आधी खातात. खाताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, म्हणून बेंझीन तसाच राहून पुढं लांबवर जाऊ शकतो.

मग शेजारपाजार. ‘वास कधीपासून येतोय?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘झालं की बरेच दिवस.’ त्यापेक्षा असं विचारा: ‘आजी, गणपतीत पाहुणे आले होते तेव्हा हेच पाणी प्यायलात का? आणि दिवाळीत?’ सणांवरून तारीख पंधरा दिवसांच्या आत येते. पाचसहाशे मीटरच्या टप्प्यातले सगळे आड, विहिरी, बोअर वहीत उतरवा: खोली, कठड्याची उंची, मोटर किती फुटांवर, वापर कशाला, शेवटचा उपसा कधी. घरमालक मराठी बोलतो, भाडेकरू कन्नड, मोटर दुरुस्त करणारा उर्दू. तिघांना तिघांच्या भाषेत विचारलंत तर तीन वेगळ्या गोष्टी कळतात. कन्नड येत नसेल तर येणाऱ्याला सोबत न्या. पंचायतीच्या पीडीओंकडचे (विकास अधिकाऱ्यांकडचे) कागदही कन्नडमध्येच असतात.

पायाखालचं ओळखा

पुस्तकात चित्र असतं: वाळूची एकसारखी जमीन, पाण्याची तिरपी रेषा, आणि उताराच्या दिशेनं लांबोळा पसरलेला दूषित पाण्याचा पट्टा. आपल्या जिल्ह्यात ते चित्र शोधायला जाल तर फसाल.

उत्तरेला निपाणी, चिकोडी, अथणीकडं ट्रॅपचा, म्हणजे थिजलेल्या लाव्ह्याचा, काळा पाषाण. वर काळी माती, मग मुरूम, मग मऊ पडलेला खडक, मग भेगाळलेला आणि शेवटी अखंड. पाणी मुरमात आणि भेगांत असतं. इंधन मुरमातून उतरतं आणि पहिल्या सलग भेगेला लागलं की तिच्या दिशेनं जातं, मग जमिनीचा उतार कुठंही असो. पंपाच्या खालच्या अंगाचा बोअर स्वच्छ आणि आडव्या दिशेचा खराब, हे ट्रॅपमध्ये नवलाचं नाही. लाव्ह्याच्या दोन थरांच्या मधल्या तांबड्या मातीच्या पट्ट्यावर पाणी अडतं, तसंच त्यावर तरंगणारं इंधनही.

काळ्या मातीचा स्वभाव वेगळाच. एप्रिल-मेमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या वेळी सांडलेलं डिझेल भेगेतून थेट खाली. जूनमध्ये माती फुगून भेगा मिटतात आणि वरून बघणाऱ्याला काही झाल्याचं कळतही नाही. म्हणून काळ्या रानात वरची वीतभर माती स्वच्छ निघाली तर खूश होऊ नका.

बेळगाव शहर आणि खानापूरकडं जांभा. तो सच्छिद्र, पोकळ्यांनी भरलेला. पाऊस पडला की पाणी झपाट्यानं वर येतं आणि उन्हाळ्यात तितकंच खाली जातं. जांभ्याखाली बहुधा पिवळसर-पांढरी चिकण माती लागते. पावसाळ्यात तिच्यावर पाणी तात्पुरतं साचतं, खालच्या पाण्याशी त्याचा संबंध नसू शकतो. हा चिकण थर वरचं इंधन अडवून धरणारा एकमेव पहारेकरी असतो, त्याला नीट विचार न करता भोक पाडणं हा या भागातला सगळ्यात मोठा गुन्हा. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्गकडं वालुकाश्म आणि क्वार्टझाइट येतात; तिथंही भेगांचाच कारभार.

पावसातला फरकही विसरू नका. कणकुंबीकडं पाऊस हजारांनी मोजतात, अथणीत पाचसहाशे मिलिमीटर झाला तरी लोक समाधानी. पाण्याची पातळी वर्षात किती हलते, यावर पुढची सगळी मोजणी अवलंबून आहे. इंधन पाण्यावर तरंगतं: पाण्याची घनता १ धरली तर पेट्रोलची ०.७२ ते ०.७८ च्या दरम्यान, डिझेलची ०.८२ च्या पुढं. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की इंधनही खाली उतरतं आणि वाटेतली माती माखत जातं. पावसाळ्यात पाणी वर आलं की त्यातलं बरंचसं पाण्याखाली, मातीच्या छिद्रांत अडकतं. मग ऑगस्टमध्ये विहिरीत तरंगतं इंधन दिसत नाही. अहवालात ‘जागा स्वच्छ’ लिहिलं जातं, आणि पुढच्या मे महिन्यात ते परत हजर. एकट्या पावसाळ्यातल्या पाहणीवर निकाल देणारा अहवाल मी तरी मानत नाही. केंद्रीय भूजल मंडळ जानेवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असं वर्षात चारदा पातळी मोजतं. तुम्हाला चारदा जमत नसेल तर मे आणि नोव्हेंबर सोडू नका.

कच्चा नकाशा

आता एका कागदावर जागेचा आडवा नकाशा आणि एक उभा छेद काढा. हातानंच काढा. गळती कुठून असावी, कुठल्या वाटेनं जावी, आणि शेवटी कुणापर्यंत पोचावी: आड, नाला, तळघर, उसाचं रान. जिथं खात्री नाही तिथं प्रश्नचिन्ह. ही प्रश्नचिन्हं म्हणजेच तुमच्या भोकांची यादी. प्रत्येक निकालानंतर नकाशा खोडून पुन्हा काढायचा. शेवटपर्यंत एकही रेघ बदलली नसेल तर तपास झालेला नाही, आधीच ठरवलेल्या निकालाला पुरावे जोडलेत.

जमिनीतले पाइप आणि केबलचे चर नकाशात हवेतच. हेस्कॉमची (वीज कंपनीची) केबल, पाण्याची लाइन, ड्रेनेज, जे जे पुरलंय ते सगळं. एक तर भोक पाडताना त्यांना धक्का लागू नये म्हणून, आणि दुसरं म्हणजे चरात भरलेली वाळू आणि सैल मुरूम ही इंधनाची आवडती पायवाट. इंधन उताराच्या उलट दिशेला सापडलं की आधी चर शोधा.

भोक पाडताना

पहिला मीटर-दीड मीटर हातानं खोदा, कितीही नकाशे मिळाले तरी. चालू पंपाच्या आवारात टाकी आणि पाइपच्या जवळ काम करायचं तर पंपाच्या आणि तेल कंपनीच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, ज्वलनशील वाफ मोजणारं यंत्र, अग्निशामक सिलिंडर, मोबाइल बंद आणि जनरेटर भोकापासून लांब. यात सूट नाही.

आपल्याकडं ‘बोअर मारा’ म्हटलं की डीटीएच हॅमरची, म्हणजे दाबाच्या हवेनं ठोकत खडक फोडणारी, गाडी येते. पाण्यासाठी ती उत्तम, या तपासासाठी अडचणीची. दाबाची हवा मातीतलं उडून जाणारं सगळं उडवते, म्हणजे बेंझीन आधी संपतो. शिवाय हॅमरला तेल द्यावं लागतं. ते भोकात उतरतं आणि लॅब इमानदारीनं सांगते की नमुन्यात तेल आहे. मातीसाठी म्हणून हँड ऑगर (हातानं फिरवायचा गिरमिट) किंवा अखंड कांडी (कोअर) काढणारं रोटरी यंत्र वापरा. खडकात डीटीएचशिवाय इलाज नसेल तर मातीचे नमुने आधी दुसऱ्या पद्धतीनं घेऊन टाका, हॅमरला कुठलं तेल घातलं ते लिहून त्याचाही नमुना ठेवा, आणि विहीर नीट उपसून दोनेक आठवडे शांत राहू द्या. गाडीवाल्याला फुटावर पैसे मिळतात, तेव्हा तो खाली जायला उत्सुक असणार. कुठं थांबायचं ते तुम्ही ठरवायचं आणि आधी ठरवायचं. चिकण थराच्या खाली जायचंच असेल तर आधी थरात मोठ्या व्यासाचं केसिंग (संरक्षक पाइप) बसवून बाहेरून ग्राउट (सिमेंटचा पातळ लगदा) भरा, तो कडक होऊ द्या, आणि मग त्यातून बारीक भोक पुढं न्या.

सुरुवातीला किती भोकं, तर संशयित ठिकाणाजवळ एक-दोन, खालच्या अंगाला दोन, आणि वरच्या अंगाला एक, जिथं इंधन असायला नको. हे शेवटचं भोक पैसे वाचवायला वगळलं जातं. ते नसेल तर उद्या पंपवाल्याचा वकील म्हणेल, ‘घाण वरून आलीय,’ आणि तुमच्याकडं उत्तर नसेल.

मातीचा नमुना

माती वर आली की वेळ तुमच्या विरोधात. मे महिन्याच्या उन्हात उघडी माती पाच मिनिटं पडली तर त्यातलं पेट्रोल तुमच्यादेखत उडतं. म्हणून क्रम ठरवून ठेवा. नळीसारख्या सॅम्पलरनं मातीची न हाताळलेली कांडी काढून ती सरळ लॅबनं दिलेल्या, मिथेनॉल घातलेल्या छोट्या कुपीत सोडायची आणि झाकण घट्ट करायचं. हे बीटेक्ससाठी, म्हणजे बेंझीन, टोल्युईन, एथिलबेंझीन, झायलीन या चौघांसाठी. डिझेल आणि जड तेलासाठी काचेची बरणी चालते, तोंडापर्यंत भरलेली. प्लास्टिकची पिशवी लॅबच्या नमुन्याला कधीच नाही.

पिशवीचा उपयोग जागेवरच्या चाचणीला. झिपची पिशवी मातीनं अर्धी भरा, बंद करा, ढेकळं बोटांनी फोडा, दहा मिनिटं सावलीत ठेवा आणि मग पीआयडी या वाफ मोजणाऱ्या यंत्राची नळी आत खुपसून वाचन घ्या. प्रत्येक अर्ध्या मीटरवर हेच. सगळ्या पिशव्यांना सारखाच वेळ आणि सारखीच सावली द्या, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही. पीआयडीला कुठला वायू ते कळत नाही, एकूण वाफ कळते. पावसाळी दमट हवेत तो वाट्टेल ते सांगतो. त्याच्यावरून कुठली माती लॅबला पाठवायची एवढंच ठरवा. सगळ्यात जास्त वाचनाचा एक नमुना, पाण्याच्या पातळीलगतचा एक, आणि खाली वाचन संपतं तिथला एक. तिसरा महत्त्वाचा. दूषित माती किती खोल गेलीय हे तोच सांगतो.

निरीक्षण विहीर आणि पातळी

भोकात कायमचा पाइप बसवला की ती निरीक्षण विहीर. त्याला पन्नास मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप पुरतो. सांधे आट्यांचे घ्या, सोल्युशननं चिकटवलेले नको. त्यातले द्रावक पाण्यात येतात. पाइपचा जाळीचा, म्हणजे पाणी आत येऊ देणारा, भाग उन्हाळ्यातल्या पातळीच्या खालून पावसाळ्यातल्या पातळीच्या वरपर्यंत हवा. जाळी सगळी पाण्याखाली गेली तर वर तरंगणारं इंधन विहिरीत येणारच नाही आणि तुम्ही निष्पाप मनानं ‘इंधन नाही’ असं लिहाल. जाळीभोवती धुतलेली वाळू-खडी, तिच्यावर बेंटोनाइटचा (पाण्यानं फुगणाऱ्या चिकण मातीचा) थर, वर सिमेंट आणि कुलूप असलेलं झाकण.

प्रवाहाची दिशा काढायला एका रेषेत नसलेल्या किमान तीन विहिरी लागतात. पाइपच्या तोंडावर एक खूण करून तिची उंची ऑटो लेव्हलनं (सर्व्हेच्या दुर्बिणीनं) काढा. मोबाइलच्या जीपीएसची उंची इथं निरुपयोगी, तिची चूक मीटरमध्ये असते आणि तुमचा उतार सेंटिमीटरमध्ये.

तरंगतं इंधन मोजायला इंटरफेस प्रोब, म्हणजे इंधन कुठं आणि पाणी कुठं लागलं ते सांगणारी मोजपट्टी, मिळाला तर छान. नसेल तर पंपवाल्याकडंच उत्तर आहे: टाकीच्या तळाचं पाणी बघायला ते डिपस्टिकला वॉटर फाइंडिंग पेस्ट लावतात. मोजपट्टीला ती लावून विहिरीत सोडली की पाणी लागलं तिथं तिचा रंग बदलतो आणि वरचा ओला, रंग न बदललेला भाग म्हणजे इंधन. समजा इंधनाचा माथा ६.२० मीटरवर आणि पाणी ६.६० मीटरवर लागलं. जाडी ४० सेंटिमीटर. हे इंधन खालच्या पाण्याला दाबतंय, म्हणून ०.४० ला घनतेनं, समजा ०.७५ नं, गुणा: ०.३०. तेवढं ६.६० मधून वजा केलं की खरी पातळी ६.३० मीटर. ही दुरुस्ती न करता काढलेला उतार उलट्या दिशेलाही निघू शकतो. आणि विहिरीत ४० सेंटिमीटर दिसलं म्हणून मातीतही तेवढाच थर आहे असं नाही. विहिरीतली जाडी बहुधा फुगवून सांगते.

पाण्याचा नमुना

स्वच्छ विहिरीपासून सुरू करून खराब विहिरीकडं या. त्या सकाळी गाडीत पेट्रोल भरू नका, अत्तर आणि डासांचं मलम लावू नका. पाइपमध्ये साचून राहिलेलं पाणी आधी काढायचं: ५० मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागं जवळजवळ दोन लिटर पाणी असतं, म्हणजे चार मीटर पाण्याला आठ लिटर, आणि त्याच्या तिप्पट काढायचं तर चोवीस. त्यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे मिनिटाला अर्ध्या लिटरच्या आत उपसणारा लहान पंप, आणि पीएच, विद्युतवाहकता, ऑक्सिजन हे आकडे स्थिरावेपर्यंत वाट बघणं. काढलेलं पाणी गटारात नाही, पिंपात. दूषित माती-पाणी हे घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत बसत असेल तर अधिकृत वाहतूकदारामार्फतच जायला हवं.

बीटेक्ससाठी ४० मिलिलिटरच्या कुप्या, आत आम्लाचे थेंब. कुपी काठोकाठ भरून वर पाण्याचा फुगार येऊ द्या, मग झाकण लावा, उलटी करून बोटानं टिचकी मारा. बुडबुडा दिसला तर ती टाकून नवी भरा. ४ अंशांवर बर्फात ठेवायच्या. आम्ल घातलेल्या कुप्यांना लॅबमध्ये चाचणी होईपर्यंत १४ दिवस मिळतात, न घातलेल्यांना ७. रात्रीच्या गाडीनं पुण्याला किंवा बंगळूरला पाठवणार असाल तर बर्फ भरपूर घाला आणि सोबत लॅबमधूनच आलेली शुद्ध पाण्याची न उघडलेली कुपी परत पाठवा. तिच्यात काही सापडलं तर वाटेत गडबड झाली. दर दहा नमुन्यांमागं एक जोडनमुना, म्हणजे त्याच विहिरीचा दुसरा नमुना, वेगळ्या नावानं.

लॅबला काय विचारायचं

‘एनएबीएल आहे’, म्हणजे लॅबला राष्ट्रीय मान्यता आहे, एवढ्यावर थांबू नका. मान्यता चाचणीगणिक असते, तेव्हा तुमची चाचणी त्यांच्या यादीत आहे का ते बघा. मग विचारा, कमीत कमी किती मोजता? पिण्याच्या पाण्यातल्या बेंझीनसाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. लॅबचं यंत्र ५० च्या खालचं बघतच नसेल तर ‘आढळलं नाही’ या शब्दांना किंमत शून्य. ही मर्यादा किती बारीक आहे ते बघा: १ टक्का बेंझीन असलेल्या एका लिटर पेट्रोलमधला बेंझीन, हिशेबानं, साडेआठ लाखांहून जास्त लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेऊ शकतो.

पेट्रोलचा संशय असेल तर बीटेक्स आणि एकूण हायड्रोकार्बन, डिझेलचा असेल तर हायड्रोकार्बनसोबत नॅप्थलीन आणि पीएएच (अनेक कड्यांचे जड हायड्रोकार्बन). नुसती ‘ऑइल अँड ग्रीस’ची चाचणी स्वस्त, पण पेट्रोलसाठी बिनकामाची.

आकडे आल्यावर

आधी जोडनमुने आणि शुद्ध कुपी तपासा, मग बाकीचे. नंतर आकडे कच्च्या नकाशावर पेन्सिलनं मांडा. बेंझीन पाण्याबरोबर पुढं धावतो, झायलीन मागं रेंगाळतो. बेंझीन नावाला आणि झायलीन भरपूर असेल तर इंधन जुनं असण्याची शक्यता जास्त. उसाच्या पट्ट्यात खतामुळं भूजलात नायट्रेट बऱ्याचदा चढं असतं. अशा रानात एकाच विहिरीत नायट्रेट गायब, ऑक्सिजन नगण्य आणि विरघळलेलं लोह वाढलेलं दिसलं तर तिथं जिवाणू इंधन खातायत, असं समजायला जागा आहे. हे मोजायला फार खर्च येत नाही, पण मागणीपत्रात कुणी लिहीत नाही.

कळवायचं कुणाला

कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाचं बेळगावला प्रादेशिक कार्यालय आहे, तिथं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. प्रत डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला आणि पंचायतीला किंवा महापालिकेला. टाकी आणि साठवणुकीचा परवाना पेसो या स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या अखत्यारीत येतो, त्यांचं मुख्य कार्यालय नागपूरला. केंद्रानं जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यानुसार संशयित जागांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासन राज्य मंडळाला देतं आणि मंडळानं ९० दिवसांत प्राथमिक पडताळणी करायची असते. म्हणून पंचायतीला दिलेला कागद आता नुसती तक्रार राहत नाही, यादीत जायची ती पहिली पायरी ठरू शकते. अर्जात आरोप लिहू नका. कुठला आड, कधीपासून वास, काय मोजलं, कुठल्या लॅबनं, एवढंच. गळती कुणाची हे सिद्ध होण्याआधी नाव घेतलंत की पंपाचं रजिस्टर तुम्हाला पुन्हा बघायला मिळणार नाही.

ज्यांच्या आडातून नमुना घेतला त्यांना त्यांच्या आकड्याची प्रत द्या, त्यांना वाचता येईल त्या भाषेत, आणि पाणी कशाला वापरायचं नि कशाला नाही हे दोन ओळींत वर लिहा. वापरात नसलेली भोकं उघडी ठेवू नका: तळापासून वरपर्यंत बेंटोनाइट-सिमेंटचा ग्राउट पाइपनं खालून वर भरत यायचा, आणि कुठलं भोक कधी बुजवलं ते नकाशावर तारखेसह लिहायचं.